दरीकडे पाठ

आमच्या घरात भित्री म्हणजे आई, हे ठरूनच गेलेलं होतं. बाबा टॉवर क्रेन चालवायचे, एकतीस वर्षं. सकाळी पावणेसातला ते शिडीला हात घालायचे, वर केबिनमध्ये पोचले की आईला एक मिस्ड कॉल द्यायचे आणि तो येईपर्यंत आई मशीनवर बसायची नाही. ती पडदे शिवते. पुढे दुकान, मागे घर. "हात थरथरतो, टाके वाकडे पडतात," म्हणायची. मिस्ड कॉल आला की पोटातला एक गोळा जायचा आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंतचा दुसरा यायचा, मग संध्याकाळी ते उतरेपर्यंतचा तिसरा. वारा सुटला की कापड तसंच टाकून ती दारात येऊन झाडांचे शेंडे बघत उभी राहायची. मी तिची नक्कल करायचे, पाहुण्यांसमोरसुद्धा. बाबा माझ्यापेक्षा जास्त हसायचे. कामावर त्यांना सगळे 'वरचे' म्हणत. क्रेन बंद असली की खालची माणसं म्हणायची, "आज वरच्यांची मर्जी दिसत नाही." हा विनोद बाबांनी घरी किमान पाचशे वेळा सांगितला असेल.

ते रिटायर झाले त्याच्या पुढच्या सोमवारी आई सकाळी साडेआठपर्यंत झोपली. मला आठवतंय तेव्हापासून पहिल्यांदाच.

दोन महिन्यांनी बाबांनी जाहीर केलं की तीन आठवड्यांसाठी मोटरहोम भाड्याने घेतलंय, डोंगरांत फिरायला जायचं. नकाशावर त्यांनी लाल पेनने खुणा केल्या होत्या. सगळे घाट, सगळे कडे, जिथून खाली बघता येतं अशा सगळ्या जागा.

"आत्ता कुठे खाली आलात, परत वर कशाला?" आई म्हणाली.

"एकतीस वर्षं मी एकट्यानेच बघितलं. आता तूही बघ," बाबा म्हणाले.

आईला ते पटलं. म्हणजे निदान तिने बॅग भरली. मोटरहोमला तिने पहिल्याच दिवशी 'बिऱ्हाड' नाव दिलं. आत दोन शेगड्या, हाताएवढं बेसिन, कपाटांच्या दारांना कड्या, कारण वळणावर दार उघडलं की ताटल्या अंगावर येतात. हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं. बाबांनी आपली जुनी पाणसळ बरोबर घेतली होती. गाडी थांबली की ती टेबलावर ठेवायची, बुडबुडा मधोमध येईपर्यंत चाकांखाली लाकडी ठोकळे सरकवायचे, मगच चहा.

पुढचं मला दोघांनी सांगितलं, आईने जास्त, बाबांनी कमी.

चौथ्या दिवशी आईचा फोन आला. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते, त्यामुळे घरात कोणालाही काही दुखलं की पहिला फोन मला. ती दबक्या आवाजात बोलत होती.

"हार्टचं दुखणं असलं की घाम येतो का गं?"

"कोणाला येतोय?"

"यांना. गाडी चालवताना. खिडकी उघडी, गार वारा येतोय आणि शर्ट पाठीला चिकटलेला. स्टिअरिंग असं धरतात की बोटं पांढरी पडतात."

"मोठी गाडी आहे, आई. सवय नसेल."

"ट्रक चालवलेत त्यांनी क्रेनच्या आधी. आणि दुसरं ऐक. जिथे जागा बघायला थांबतो तिथे हे खाली उतरतच नाहीत. तू बघून ये, मी चहा टाकतो. तू बघून ये, मी टायरची हवा बघतो. काल म्हणाले, मी काच पुसतो. काच स्वच्छ होती. आणि गाडी लावतात ती नेहमी डोंगराकडे तोंड करून. दरीकडे पाठ. एवढ्या लांब येऊन आम्ही जेवतो ते समोरच्या खडकाकडे बघत."

"मग विचार ना त्यांना."

"विचारलं. म्हणाले, दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं."

मी तिला म्हटलं, छातीत दुखलं, डावा हात भरून आला, धाप लागली, तर सरळ जवळच्या दवाखान्यात जा. तिने ते सगळं माझ्यामागून परत म्हणून घेतलं. माझ्या लक्षात आलं की मी तिची भीती कमी करायच्या ऐवजी तिला यादी दिली. पण खरं सांगायचं तर मी तो फोन फारसा मनावर घेतला नाही. आई घाबरली होती, आणि आई तर घाबरायचीच.

तिने मात्र मनात सगळं जुळवलं. नवऱ्याला काहीतरी मोठं झालंय. रिपोर्ट आलाय आणि त्यांनी तो लपवलाय. म्हणूनच ही सहल, म्हणूनच 'आता तूही बघ'. हा निरोपाचा प्रवास आहे. बाबा पाण्याची टाकी भरायला गेले तेव्हा तिने त्यांची बॅग उपसली, शर्टांचे खिसे बघितले, ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला. काही सापडलं नाही. त्याने तिची खात्री आणखीच पक्की झाली. इतकं नीट लपवलंय म्हणजे नक्कीच वाईट असणार. दोन दिवस तिने बाबांचा श्वास मोजला. ते झोपले की हात छातीजवळ न्यायचा, न टेकवता, आणि वर-खाली होतंय का बघायचं.

सातव्या दिवशी ते एका घाटमाथ्यावर पोचले. अकरा वळणं चढून वर. बाबांनी गाडी लावली, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून बराच वेळ बसून राहिले. मग पाणसळ काढली.

माथ्यावर वनखात्याची चौकी होती. चौकीतली बाई दांडगी, बोलकी, डोक्यावर खाकी टोपी. तिने फलकावरची पायवाट बोटाने दाखवली. "दीड तासाचा फेरा आहे. झाडीतून वर जायचं, थोडा भाग कड्याला लागून आहे, तिथे तार लावलीय धरायला. पलीकडून उतरलं की परत इथेच. लहान मुलंही जातात. चारनंतर ढग येतात, तेवढं सांभाळा."

"तू जाऊन ये," बाबा म्हणाले, "मी गॅसची बाटली बदलतो."

आई मला नंतर म्हणाली की त्या क्षणी तिचा संयम सुटला. आजारी असलात तर तसं सांगा, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण उत्तर ऐकायची हिंमत नव्हती. म्हणून ती वेगळंच बोलली.

"आज तुम्ही आलात तरच मी जाणार. नाहीतर इथेच बसते, खडक बघत."

बाबा बूट घालायला खाली वाकले. नाडी बांधायला त्यांना बराच वेळ लागला.

झाडीतला रस्ता रुंद होता. पानांचा जाड थर, मधे मधे बसायला ओंडके. बाबा चांगले चालत होते. धाप नाही, छातीवर हात नाही. आई मागून त्यांच्या पावलांचा ताल ऐकत होती आणि हळूहळू तिच्या जिवात जीव येत होता. बाबा दोन वाक्यं बोललेसुद्धा, एका झाडाच्या सालीबद्दल. तिने ठरवलं की वर पोचल्यावर विचारायचंच.

झाडी संपली ती एकदम. पुढे उजवीकडे सरळ उभा कडा आणि त्याच्या अंगाला कोरलेली वाट, आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढी रुंद. चाळीसेक पावलांची. छातीच्या उंचीवर खडकात लोखंडी कड्या ठोकलेल्या आणि त्यांतून ओवलेली तार. डावीकडे काही नाही. खूप खाली रस्ता आणि त्यावरच्या गाड्या, आमच्या लॅबमधल्या नळ्यांच्या झाकणांएवढ्या.

आईला भीती वाटली, पण तिची ती ओळखीची भीती होती. तिने तार धरली, नजर समोरच्या कडीवर ठेवली. ही कडी गाठायची. मग पुढची. अशी ती चालत गेली. तिला वाटत होतं, मागे बाबा आहेत. उंचीवर एकतीस वर्षं काढलेला माणूस पाठीशी आहे, मग कसली काळजी. पलीकडे रुंद जागी पोचल्यावर ती हसत वळली.

बाबा मागे नव्हते. ते बाराएक पावलांवर अडकले होते. खडकाकडे तोंड, दोन्ही हात तारेवर, गाल दगडाला टेकलेला.

"अहो?"

उत्तर नाही.

झालं, हार्ट. इथे, या जागी, मी हट्टाने आणलं म्हणून. ती परत त्या वाटेवर शिरली. परत येताना तिने कड्यांकडे बघितलं की नाही, तार धरली की नाही, तिला काही आठवत नाही. ती त्यांच्यापासून हातभर अंतरावर पोचली.

"छातीत दुखतंय का? हात जड झालाय? बोला ना."

"नाही," बाबा खडकाला म्हणाले. "हात सुटत नाहीयेत."

"म्हणजे?"

"बोटं. उघडत नाहीत."

तिने बघितलं. तारेभोवती त्यांची बोटं अशी आवळली होती की नखांखाली रक्त दिसत नव्हतं. गुडघे थरथरत होते, आणि त्या थरथरीने बुटाखालची बारीक खडी एकेक करून वाटेच्या कडेवरून खाली जात होती. पडल्याचा आवाज येत नव्हता.

"कधीपासून होतंय असं?"

"चार वर्षं."

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. बाबा डोळे मिटून बोलत होते, एकेक शब्द दातांमधून काढत.

"काही झालं नव्हतं. कोणी पडलं नाही, काही नाही. एक दिवस शिडीच्या मध्यावर हात बंद झाले. वीस मिनिटं तसाच उभा. मग रोज. रोज सकाळी."

"आणि मिस्ड कॉल?"

"वर पोचलो की दार लावून जमिनीवर बसायचो. तिथून द्यायचो."

तेवढ्यात झाडीच्या बाजूने बुटांचा आवाज आला. धावण्याच्या कपड्यांतली एक तरुण बाई, कानात वायर, वाटेवर आली आणि यांना बघून थबकली. आईने हात वर केला, थांबा म्हणून. त्या बाईला वाटलं, या म्हणताहेत. "माफ करा हं, पाऊस येतोय," म्हणत तिने तार सोडली, बाबांच्या पाठीमागून, बाहेरच्या बाजूने, एक लांब पाऊल टाकलं, मग आईच्या मागून दुसरं, आणि निघून गेली. तिचा दंड बाबांच्या पाठीला घासून गेला. बाबांच्या तोंडून एक आवाज आला. आई म्हणते, तसा आवाज तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, आणि तो ती मला करून दाखवणार नाही.

त्या बाईचं मात्र खरं होतं. दरीतून ढग वर येत होता. आधी खालच्या गाड्या गेल्या, मग रस्ता, मग समोरचा डोंगर. बारीक थेंब सुरू झाले आणि खडकाचा रंग बदलायला लागला. आईने बुटाचा तळ दगडावर घासून बघितला. सरकत होता.

मदत आणायला जायचं तर यांना एकट्याला सोडून जावं लागणार. फोन काढला तर रेंज नाही. पुढे अठ्ठावीस पावलं, मागे बारा. मागेच जायचं, तिने ठरवलं.

"ऐका," ती म्हणाली, "मागे या. मी आहे इथे. मागे घ्या पाय, हळू."

बाबांनी पाय मागे घेतला.

तिच्या मनातलं मागे म्हणजे आलो त्या बाजूला. खडकाकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचं मागे म्हणजे दरी. त्यांची टाच कडेवर आली, कडेच्या पलीकडे गेली, खालची माती सुटली आणि त्यांचं सगळं अंग तारेवर लटकल्यासारखं मागे झुकलं. तार खाली वाकली. कडी खडकात करकरली. आईने त्यांच्या पॅन्टचा पट्टा पकडून स्वतःला खडकावर झोकून दिलं. तिच्या कोपरावर त्याची खूण अजून आहे.

पाय परत वर आला. दोघंही दगडाला चिकटून उभे राहिले. पाऊस मानेवर पडत होता. आईची बोबडीच वळली होती. तिला काही सांगायचं होतं आणि तोंडातून नुसते त-त-प-प निघत होते.

बोलले ते बाबाच. आवाज कापत होता, पण शब्द स्पष्ट होते.

"मागे-पुढे म्हणायचं नाही. खालचा सिग्नलवाला कधी मागे-पुढे म्हणत नाही. माझा डावा, माझा उजवा. माझा, तुझा नाही. आणि किती ते सांगायचं. दोन बोटं, वीत, हात. आधी सांगायचं, मग मी करणार, मग तू 'बस' म्हणायचं."

"तुम्हाला दिसत नसताना?"

"धुक्यात कितीदा काम केलंय. नुसत्या आवाजावर. बोल तू."

मग आईने जे केलं त्याचं मला अजून नवल वाटतं. तिने त्यांना 'घाबरू नका' म्हटलं नाही. ती म्हणाली, "भीती जाणार नाहीये. ती राहू दे. तुम्ही उजव्या हाताची करंगळी उघडा. फक्त करंगळी."

करंगळी उघडायला किती वेळ गेला ते दोघांनाही सांगता येत नाही. मग अनामिका. आई तारेवरून आपला हात पुढे सरकवून त्यांची बोटं चाचपत होती, दिसत होती तरीही.

"आता उजवा हात, उजवीकडे, एक वीत. बस. धरा. उजवा पाय, उजवीकडे, चार बोटं. बस. डावा हात. डावा पाय, त्याच्याजवळ. बस."

तीन कड्या होत्या वाटेत. प्रत्येक कडीपाशी तार अडायची आणि हात पूर्ण सोडून पलीकडे धरावा लागायचा. पहिल्या कडीपाशी बाबा म्हणाले, "नाही होणार." आई म्हणाली, "बरं. उभे राहा." आणि दोघं उभे राहिले. पावसाचं पाणी खडकावरून त्यांच्या बाह्यांत शिरत होतं. थोड्या वेळाने आई म्हणाली, "आता?" बाबा म्हणाले, "सांग."

दुसऱ्या कडीपाशी आईलाच काही सुचेना. वाटेचा एक तुकडा तिरका होता आणि त्यावरून पाणी वाहत होतं. पाय तिथे ठेवायला सांगावं की ओलांडायला, तिला ठरवता येईना. चुकीचं सांगितलं तर हा माणूस तसंच करणार, डोळे मिटून करणार, हे तिला नुकतंच कळलं होतं. तिने खाली वाकून, त्यांच्या बुटांपलीकडे हात घालून तो दगड चोळला, त्यावरचा चिखल नखांनी काढला, आपला स्कार्फ काढून तिथे अंथरला. मग म्हणाली, "उजवा पाय, उजवीकडे, एक वीत. खाली कापड लागेल. बस."

ती सांगते, त्या बारा पावलांत तिने एकदाही दरीकडे बघितलं नाही, पण दरी पूर्ण वेळ तिच्या पाठीला लागलेली होती, ओल्या कापडासारखी.

झाडीत पोचल्यावर बाबा चार पावलं चालले, एका ओंडक्याशी वाकले आणि त्यांना ओकारी झाली. आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवायला गेली आणि मधेच खाली बसली. पाय उभे राहायलाच तयार नव्हते. चिखलात बसून ती रडली, आणि रडता रडता तिला राग आला.

"चार वर्षं," ती म्हणाली. "चार वर्षं तुम्ही मला हसत होतात. पाहुण्यांसमोर हसत होतात."

बाबा तोंड पुसत होते. "हसलो नसतो," ते म्हणाले, "तर सकाळी शिडीला हात लावता आला नसता."

"आणि ही सहल?"

"मला वाटलं, घट्ट जमिनीवरून बघितलं, थोडं थोडं, रोज, तर जाईल. मला आवडायचं गं वरून बघायला. सकाळी गाव उठताना. तेवढं परत मिळालं असतं."

तिच्या कोपरातून रक्त येत होतं. बाबांनी रुमाल बांधला, आणि बांधताना त्यांचे हात इतके हलत होते की गाठ तिला दाताने ओढावी लागली.

चौकीतल्या बाईने दोघांना बघितलं आणि काही विचारायच्या आधी टॉवेल आणले. मग म्हणाली, "धावणारी एक आली होती मघाशी. म्हणाली, दोघं जण फोटो काढताहेत." आईने तिला सगळं सांगितलं. बाबा ते ऐकत खुर्चीवर बसून राहिले. पहिल्यांदाच ते कोणा परक्यासमोर बोललं जात होतं. त्या बाईने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "लहान मुलं जातात म्हटलं मी," ती म्हणाली. "जातातही. पण असं सगळ्यांना सांगायला नको होतं."

अकरा वळणांचा रस्ता अजून उतरायचा होता. बाबा ड्रायव्हरच्या सीटवर बसले, किल्ली लावली आणि काढली. "आज नाही," ते म्हणाले. आईला गाडी येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकीतल्या बाईनेच बिऱ्हाड खाली नेलं. तिने आधी खडीचा डंपर चालवलेला होता. आई-बाबा मागे टेबलाशी समोरासमोर बसले. आईने खिडक्यांचे पडदे ओढून घेतले. पडद्यांची शिवण अगदीच कच्ची होती, असं तिने मला आवर्जून सांगितलं. प्रत्येक वळणावर सगळं घर एका अंगावर जायचं, कपाटांच्या कड्या वाजायच्या आणि बाबा टेबलाची कड धरून डोळे मिटायचे. पुढून ती बाई ओरडून वळणाचा आकडा सांगायची. सहा. सात. आठव्या वळणावर समोरून ट्रक आला आणि गाडी कचकन थांबली, तेव्हा बाबांनी टेबलावरून हात पुढे केला. तिने तो धरला. तो घामाने ओला होता. तिचाही होता.

खाली सपाटीवर एका तळ्याकाठी पोचल्यावर बाबांनी मला फोन केला. आधी गॅसच्या बाटलीबद्दल बोलले, मग हवेबद्दल.

"तुला एक सांगायचंय," ते म्हणाले, आणि सांगितलं. सरळ, न थांबता, कामाचा अहवाल द्यावा तसं.

मी लॅबच्या जिन्यात उभी होते. मी एवढंच विचारलं, "आईला माहीत होतं?"

"काल कळलं."

मागून आईचा आवाज आला, "भीती मला एकतीस वर्षं माहीत होती. फक्त कोणाची ते चुकलं."

बाबा हसले नाहीत. मीही नाही.

सहल त्यांनी अर्धवट सोडली नाही. नकाशा उलगडून बसले, लाल खुणांवर काट मारली. घरी यायला एक घाट मधे होता. तो टाळायचा तर दोनशे चाळीस किलोमीटरचा वळसा. त्यांनी वळसा घेतला. तळी, शेतं, कालव्याकाठच्या सपाट वाटा. रोज दोन तास चालायचे. आई म्हणते, तिला तिथेही भीती वाटायची, कारण बाबा गप्प झाले की आता ते खरंच गप्प असतात की आत काही चाललंय, हे तिला ओळखता येत नव्हतं. मग ती विचारायची. कधी ते म्हणायचे, काही नाही. कधी म्हणायचे, हो, चाललंय.

शेवटून तिसऱ्या दिवशी एक पूल आडवा आला. नकाशावर नुसती रेघ होती. प्रत्यक्षात तो खाडीवरचा, उंच, किलोमीटरभर लांब निघाला, आणि मागे वळायला जागा नव्हती. बाबांनी पुलाच्या अलीकडे गाडी कडेला घेतली, चारही दिवे लुकलुकते ठेवले. बाजूने ट्रक जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर बिऱ्हाड हलत होतं.

"दहा मिनिटं," बाबा म्हणाले.

"बसू की," आई म्हणाली. तिने एक फळ कापायला घेतलं आणि कापता कापता ठेवून दिलं.

दहाची पंचवीस झाली. पोलिसांची एक गाडी हळू झाली, आत डोकावून पुढे गेली. बाबांनी दोनदा हात मांडीवर पुसले. "मधल्या लेनमधून घेतो," ते म्हणाले. "तू बोलू नकोस आणि हात लावू नकोस."

"बरं."

पुलावर आईने डोळे मिटले नाहीत. ती कठडा बघत राहिली, त्याचे खांब एकामागून एक जाताना. मधोमध वाऱ्याचा झोत आला आणि गाडी हातभर बाजूला सरकली, तेव्हा तिने सीटच्या कापडात बोटं रुतवली, पण तोंड उघडलं नाही. बाबांच्या कानशिलावरून घामाचा ओघळ हनुवटीपर्यंत आला आणि तिथे थांबला. ते तीसच्या वर गेले नाहीत. मागे हॉर्न वाजत होते.

पलीकडे पोचल्यावर बाबांनी पहिला फाटा घेतला आणि गाडी एका झाडाखाली थांबवली. इंजिन बंद केलं. मग आई उठून मागे गेली आणि शेगडी पेटवली, कारण दोघांनाही भयंकर भूक लागली होती.